साल नसलेलं एरर नाणं कधीचं आणि कुठल्या टाकसाळीचं, हे कसं ओळखायचं

छाप एका बाजूला सरकला अन् साल बाहेरच राहिलं, किंवा चकती दोन्हीकडून कोरी, असं टाकसाळीत चुकलेलं (एरर) नाणं सापडलं की लोक लगेच विचारायलेत किती जाईल. किमतीचं नंतर बघू, आधी साल. आणि चिंच-मीठ लावून घासू तर अजिबात नका, घासलेल्या नाण्यावर बघण्यासारखं काही उरत नाही.

सराफाकडं 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो, त्यावर वजन करा, व्हर्नियरनं व्यास मोजा अन् लोहचुंबक लावून बघा. एवढ्यावरच बरंच कळतं. 28 मिमीचा मोठा रुपया चुंबकाला चिकटला तर निकेलचा, म्हणजे 1962 ते 74 मधला, आणि नाही चिकटला, वजन 8 ग्रॅमच्या आसपास भरलं तर तांबं-निकेलचा, 1975 ते 82 चा. 26 मिमी, 6 ग्रॅम असंल तर 1983 ते 91. त्यानंतर स्टील आलं, ते चिकटतं.

खरी गोची स्टीलच्या कोऱ्या चकतीत आहे. 4.85 ग्रॅम, 25 मिमी भरली की विकणारा सरळ 'रुपया, 1998' सांगून मोकळा होतो. पण याच मापाचा 1992 ते 2004 चा रुपया आहे, 2007 नंतरचा हाताच्या मुद्रेचा रुपया आहे, आणि 2011 ते 2019 चे दोन रुपये पण याच मापाचे. 3.79 ग्रॅम, 22 मिमीचं पण तसंच, जुने 50 पैसे असतील नाहीतर 2011 ते 2019 चा रुपया. म्हणून कोऱ्या चकतीवर एकच साल सांगणाऱ्याचं ऐकू नका, त्याला ते कळायचा रस्ताच नाही. थोडासा जरी छाप असंल तर गोष्ट वेगळी, ₹ चं चिन्ह दिसलं की 2011 किंवा त्यानंतरचं हे पक्कं.

टाकसाळीची खूण सालाखाली असते: मुंबई चौकट (पत्त्यातल्या चौकटसारखी), हैदराबाद चांदणी, नोएडा ठिपका, अन् कोलकाता काहीच नाही. इथंच घोळ होतो बघा, साल कापलं गेलं म्हणजे खूण पण त्याच्यासोबत गेली, आणि लोक म्हणतात खूण नाही म्हणजे कोलकाता. खुणेची जागा कोरी दिसली तरच कोलकाता म्हणा, जागाच नसंल तर टाकसाळ ठरत नाही.

दोन्हीकडं सिंह, त्यातला एक उलटा अन् खोलगट, असं नाणं आलं तर ते ब्रोकेज. आधीचं नाणं डायला (छाप पाडायच्या साच्याला) चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटतो. यात खोटं पण लई चालतं, दोन नाणी शिकंजात दाबून करतात, तेव्हा दुसऱ्या बाजूचा उठाव चेपलेला आहे का ते भिंगातून नीट बघा.

आता आपल्या मराठवाड्याचं. 1948 पर्यंत आपण निजामात होतो, त्यामुळं घरोघरी हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं निघतं. चारमिनारच्या वरचा 92 आकडा लोक साल समजतात, ते साल नाही, मुहम्मद नावाच्या अक्षरांची बेरीज आहे ती. खरं साल हिजरीत असतं. ते कापलं गेलं असंल तर चारमिनारच्या दारातलं उर्दू अक्षर बघा: मीम (म) असंल तर 1911 पर्यंतचा निजाम महबूब अली खान, ऐन (अ) असंल तर त्याच्यानंतरचा उस्मान अली खान, म्हणजे 1911 च्या अलीकडं का पलीकडं एवढं तरी ठरतं.

त्याच्याही आधीचे हातानं पाडलेले मुघली रुपये, औरंगाबादच्या टाकसाळीचे, ज्यावर खुजिस्ता बुनियाद असं लिहिलेलं असतं, त्यात डाय चकतीपेक्षा मोठी असायची, म्हणून साल अर्धं बाहेर जाणं नेहमीचंच. ते एरर नाही, त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पाकिटावर लिहिताना जेवढं ठरलं तेवढंच लिहा: 'स्टील, 4.85 ग्रॅम, 25 मिमी, 1 किंवा 2 रुपये, 1992 किंवा त्यानंतर, टाकसाळ ठरत नाही.'