उसाच्या दोन ट्रॉल्यांना ट्रॅक्टरची ताकद पुरवायची कशी

गाळप हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो: डबल ट्रॉलीला किती एचपीचा ट्रॅक्टर लागतो? उत्तरही ठरलेलं असतं. "पन्नासचा फसतोय, साठचा घे." या सल्ल्यावर कित्येकांनी हप्ते वाढवून घेतले आणि नवा ट्रॅक्टर त्याच पाणंदीत, त्याच जागी चाक फिरवत उभा राहिला. बऱ्याच वेळा इंजिनात ताकद भरपूर असते, पण ती जमिनीला लागत नाही. बैलजोडी कितीही दमदार असली तरी पायाखाली चिखल असेल तर गाडी हलत नाही, तसंच हे आहे.

पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा शाफ्ट), सर्व्हिसिंग, डिझेल, टायरची हवा या गोष्टी तुम्ही बघितल्या आहेत असं धरतो. ट्रॉल्यांची कागदपत्रंही. प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि तिच्या आरसीवर भरलेल्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यापेक्षा जास्त भराल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. खालचे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत, भरायचं ते आरसी बघूनच.

आधी हिशोब

वहीच्या मागच्या पानावर मावेल एवढंच गणित आहे. ओढ किलोमध्ये घ्या, तिला ताशी किलोमीटरनं गुणा आणि २७० नं भागा. येईल तो आकडा म्हणजे चाकाला लागणारी एचपी.

समजा भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून १८ टन आणि ट्रॅक्टर सव्वादोन टन, म्हणजे एकूण सुमारे २० टन. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी ढकलायला वजनाच्या साधारण २ टक्के जोर लागतो, म्हणजे ४०० किलो. ताशी १५ किलोमीटरनं चालायचं तर ४०० गुणिले १५ भागिले २७०, म्हणजे २२ एचपी. ५० एचपीच्या इंजिनातून चाकापर्यंत ४० च्या आसपास पोचतात, म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद शिल्लकच राहते.

आता चढ घ्या. वीस फुटाला एक फूट चढ असेल तर वजनाचे आणखी ५ टक्के, म्हणजे १,००० किलो वाढले. ओढ झाली १,४०० किलो. हाच चढ ताशी १५ नं चढायचा म्हटलं तर ७८ एचपी लागतील, ते साठच्या ट्रॅक्टरलाही जमणार नाही. ताशी ५ नं चढलात तर २६ एचपीत काम होतं. चढावर इंजिन दम तोडतंय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा गिअर चुकीचा असतो. चढाच्या पायथ्यालाच खालचा गिअर टाका. अर्ध्या चढात गिअर बदलायला क्लच दाबला की वीस टन तुम्हाला मागं ओढायला लागतात.

फडातून (तोडणीच्या रानातून) बाहेर काढणं

ट्रॉली भरणं ऊसतोड टोळीवर सोडा, फक्त मोळ्या दोन्ही बाजूंना समान लागल्यात एवढं बघा. खरं काम तिथून पुढं सुरू होतं. या टप्प्यावर मी स्वतः खूप झगडलो आहे, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले ऐकायला मिळतात ते इथंच.

मोकळ्या रानात चाक रुततं, त्यामुळे तिथं वजनाच्या १० टक्के किंवा जास्तच ओढ लागते. दोन्ही ट्रॉल्या फडातच जोडल्यात तर ओढ २,००० किलोच्या वर गेली. ताशी ३ किलोमीटरनं त्याला २२-२३ एचपी पुरतात. म्हणजे ५० चा ट्रॅक्टर निम्म्या ताकदीवर आहे, धूरही टाकत नाही, आणि तरीही जागेवर चाक फिरवतोय. का? सव्वादोन टनाच्या ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवर येणारं वजन दीड टनाच्या आसपास. मोकळ्या मातीत टायरची पकड त्या वजनाच्या ४५-५० टक्के. ७०० किलो, फार तर ७५०. त्याच्या पलीकडं टायर जमीन खणणार. तिथं इंजिन साठचं असो की पंचाहत्तरचं, खड्डा फक्त लवकर पडेल.

म्हणून पहिली गोष्ट: फडात दोन ट्रॉल्या एकत्र जुंपायच्याच नाहीत. एकेक बाहेर काढायची, पक्क्या रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून तिथं जोडायची. वेळ जातो म्हणून टोळी आणि ड्रायव्हर दोघंही कुरकुर करतात. करू द्या. रुतलेली ट्रॉली रिकामी करून पुन्हा भरायला अख्खी रात्र जाते.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांवर वजन वाढवणं. यात सगळ्यात स्वस्त पाणी. टायरचा व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवून ट्यूबमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरायचं, उरलेल्या जागेत हवा. १४.९-२८ च्या टायरमध्ये साधारण २०० लिटर पाणी बसतं, म्हणजे दोन्ही मिळून ४०० किलो वाढले. त्यावर रिमला बिडाची (ओतीव लोखंडाची) वजनं लावा. आपल्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगर आणि शिरोलीत बिडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, वजनं मिळण्याची अडचण नाही. मात्र ती तुमच्या मॉडेलच्या बोल्टला बसणारीच घ्या आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका, मागच्या धुऱ्याची (अ‍ॅक्सलची) बेअरिंग त्याची किंमत वसूल करतात. मागं दोन टनाच्या वर वजन आलं की रानातली पकड हजार किलोच्या घरात जाते. म्हणजे एक भरलेली ट्रॉली वाफसा असलेल्या, म्हणजे चिखल नसलेल्या रानातून निघते. दोन तरीही निघत नाहीत, ते डोक्यातून काढून टाका.

ट्रॉलीवर माणसं बसवली की पकड वाढते, असं सांगणारे भेटतील. चारचाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर जातं, ट्रॅक्टरच्या चाकाला त्यातलं काहीच मिळत नाही. आणि हूकवर, मडगार्डवर माणूस उभा करण्याचा सल्ला देणाऱ्याला तिथून घालवून द्या.

तिसरी गोष्ट पुढचं तोंड. मागं वजन आणि ओढ वाढली की पुढची चाकं हलकी होतात. एकूण वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. बंपरवर पुढची वजनं लावा.

आणि आता माझी सगळ्यात कळकळीची सूचना. ट्रॉली नेहमी खालच्या हूकलाच जोडायची. वर, टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा धुऱ्याला साखळी बांधून ओढलं की चाकाला जास्त जोर मिळतो, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. जोर मिळतो तो ट्रॅक्टर मागं उलथायला. धुऱ्याच्या वर ओढ आली, मागची चाकं खड्ड्यात अडकली आणि क्लच सोडला, की चाक फिरायच्या ऐवजी अख्खा ट्रॅक्टर धुऱ्याभोवती फिरतो. पुढची चाकं उचलल्यापासून परत न येण्याच्या बिंदूपर्यंत एक सेकंदही लागत नाही. क्लच दाबायला तेवढा वेळ कुणालाच मिळत नाही. रुतलेल्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीनं बांधून बाहेर यायचा प्रकारही याच कारणानं जीवघेणा आहे.

रुतलाच तर थांबा. चाकापुढची माती फावड्यानं उतरती करा, मुरूम टाका. पाचट टाकू नका, टायरच्या नक्षीत बसून टायर गुळगुळीत होतो. एकच चाक फिरत असेल तर ते पूर्ण थांबवून डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) दाबा, सरळ रेषेत बाहेर या आणि वळण्याआधी लॉक सुटल्याची खात्री करा. तरी निघत नसेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं टोचन लावा (साखळीनं ओढा), पुढच्या ट्रॅक्टरच्या खालच्या हूकला आणि मागच्याच्या पुढच्या पट्टीला. साखळीच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही.

यातली अर्धी कटकट शेतकऱ्यानं मनात आणलं तर आधीच टळते. तोडणीआधी दोन आठवडे पाणी बंद ठेवलं तर रान घट्ट होतं आणि उसातल्या साखरेचा उताराही सुधारतो. शिरोळकडच्या काळ्या रानात तर याशिवाय मार्गच नाही. राधानगरी, भुदरगडकडच्या तांबड्या मुरमाड जमिनीत एवढा त्रास नसतो, तिथं चढ-उतार जास्त सांभाळावे लागतात.

नवा ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर माझं मत ठाम आहे: दोन चाकांवर चालणाऱ्या साठपेक्षा चारही चाकं ओढणारा पन्नासचा घ्या. त्यात पुढच्या चाकांवरचं वजनही पकडीला लागतं.

जोडणी

पिन जाडीला बरोबर बसणारी, खाली लॉक असलेली. सळईचा तुकडा चालणार नाही. दोन्ही जोडांना वेगळी सुरक्षा साखळी लावा. मागच्या ट्रॉलीला दिवे आणि दोन्ही ट्रॉल्यांना चारही बाजूंनी रिफ्लेक्टर हवेतच, उसाच्या वाढ्यांनी (शेंड्याच्या पाल्यानं) ते झाकले गेले नाहीत ना हे निघताना मागं जाऊन बघायचं. रात्री मोटारसायकलवाल्याला बंद पडलेली ट्रॉली दिसत नाही आणि असे अपघात आपल्या भागात प्रत्येक हंगामात होतात.

रस्त्यावर

डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं एकत्र लॉक करा. एकच ब्रेक लागला तर मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला आडवा करतात.

उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे अठरा टन मोकळे सोडणं. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो. ती चाकं घसरली की पुढं काय होईल ते कुणाच्या हातात राहत नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवून घेण्याचा खर्च मी एचपीवरच्या खर्चाच्या आधी करीन.

वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापते, म्हणून रुंद घ्या. रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर मागची सोडा. आणि गाण्यांचे कर्णे बंद ठेवा: मागची पिन खडखडायला लागली, टायर फुटला, कुणी ओरडलं, तर ते ऐकू आलं पाहिजे.

कारखान्याच्या काट्याच्या रांगेत चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेकवर भरवसा न ठेवता दोन्ही ट्रॉल्यांना ओंडके लावा.

हंगाम संपल्यावर

मार्च-एप्रिलनंतर हलक्या कामांना जाण्याआधी टायरमधलं पाणी काढून टाका आणि बिडाची वजनं उतरवा. ट्रॉली ओढताना उपयोगी पडलेलं तेच वजन हलक्या कामात रानाची माती दाबून घट्ट करतं आणि डिझेलही खातं. व्हॉल्व्ह खाली आणून पाणी सोडायचं, उरलेलं हवा भरून बाहेर ढकलायचं, मग हवेचा दाब टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा लावायचा. ट्यूबच्या व्हॉल्व्हला गंज दिसला तर तेव्हाच बदला, पुढच्या हंगामात तो फडात फुटेल.