सुडो गेला, तो परत कसा आणला

फोंड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या उबंटू (लिनक्स) मशीनवर प्रिंटर जोडायला आलेल्याने 'यूजरमॉड' या खात्याचे ग्रुप बदलणाऱ्या कमांडला नुसता मोठा 'जी' दिला, जुने ग्रुप राखून नवा जोडणारा छोटा 'ए' गाळला. झालं! अ‍ॅडमिनचं खातं प्रिंटर सांभाळणाऱ्या 'एलपीअ‍ॅडमिन' ग्रुपात गेलं नि अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या 'सुडो'तून बाहेर पडलं. दुसरा अ‍ॅडमिन नाही, रूटला (सर्वाधिकारी खात्याला) पासवर्ड नाही.

मशीन रीस्टार्ट करून ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूमधून) रिकव्हरी मोड, तिथून रूट शेल, म्हणजे रूट म्हणून कमांड द्यायची जागा. तिथे डिस्क रीड-ओन्ली असते, म्हणून आधी रीड-राइट रीमाउंट केली (लिहिता येईल अशी पुन्हा जोडली). मग 'यूजरमॉड'ला 'ए' आणि 'जी' दोन्ही लावून 'सुडो' ग्रुप परत दिला. लॉगिन केल्यावर 'ग्रुप्स' कमांडने खात्री केली.

ग्रंथपालबाईंचं खातं साधंच ठेवलंय. पुस्तकांच्या नोंदींना सुडो कशाला? आणि हो, याच वाटेने कुणीही रूट होऊ शकतं, म्हणून ग्रबलाही पासवर्ड लावला.