पहिली गलोल बनवताय? आधी या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या नाशिकमधल्या म्हसरूळच्या कॉलनीतली पोरं माझ्याकडे येतात, हातात मोडलेली गलोल आणि प्रश्न एकच, काका ही तुटली कशी? पंधरा वर्षं झाली, पोरं बदलली पण चुका त्याच. आणि राग याचा येतो की गलोल मोडते ती ताणलेली असतानाच मोडते, म्हणजे जे काही सुटतं ते सरळ ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओलं लाकूड. मागच्या वर्षी नववीतल्या एका पोराने मखमलाबादच्या मळ्यातून पेरूचं बेचकं, म्हणजे दोन फांद्या फुटलेलं लाकूड, आणलं होतं, काय सुंदर होतं ते, दोन्ही हात सारख्या जाडीचे, दांडा मुठीत भरेल असा, गाठ नाही काही नाही. मी म्हटलं हे माळ्यावर टाक, गणपतीत काढू. त्याला कुठला धीर, त्याने त्याच दिवशी साल सोलली आणि गच्चीवर ठेवलं, आपल्याकडचं मेचं ऊन म्हणजे तुम्हाला माहितीये, चाळीसच्या आसपास पारा. दुसऱ्या दिवशी टोकाला केसाएवढी चीर. चौथ्या दिवशी त्या चिरेत नख जात होतं आणि ती पार बेचक्यापर्यंत उतरली होती. तरी त्याने चिरेत झटपट चिकटणारा गोंद भरला, वरून पॉलिश पेपर मारला, रबर बांधलं. दहा-बारा वेळा ओढली असेल, गलोलीचा उजवा हात बुडापासून सुटला आणि रबरासकट भुवईवर बसला. तीन टाके. अर्धा इंच खाली डोळा होता. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा मला बोलायला शब्द नव्हते.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे परत करणार नाही. लाकूड वाळताना आखडतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आडवं आखडतं. आणि कापलेल्या टोकातून पाणी सालीपेक्षा कितीतरी लवकर उडतं, मग टोक आधी आखडायला बघतं, आतलं ओलं लाकूड त्याला आखडू देत नाही, या ओढाताणीत ते फाटतं. उन्हात, गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये हेच होतं, फक्त जास्त जोरात. मायक्रोवेव्हवाले तर मला अजिबात आवडत नाहीत, वरून चांगलं दिसतं आणि आतून गाभा जळून काळा झालेला असतो.

मी काय करतो, तिन्ही टोकं दोन-दोन इंच जास्त ठेवून कापतो, कापलं की लगेच टोकांना फेविकॉल नाहीतर मेणबत्तीचं मेण फासतो, साल तशीच ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. महिन्याभराने साल काढतो कारण सालीखाली किडा लागतो आणि पिठासारखा भुसा पडायला लागतो. दर रविवारी किचनच्या वजनकाट्यावर ठेवतो आणि त्याच पेपरवर पेनाने वजन लिहितो. एक पेरूचं बेचकं ३१० ग्रॅमचं होतं, तीन महिन्यांनी १९५ वर येऊन थांबलं, म्हणजे सालीचं वजन सोडलं तर बाकी सगळं पाणीच होतं त्यात. वजन सलग तीन आठवडे हललं नाही की वाळलं समजा. याला शॉर्टकट नाही, ज्याला आजच्या आज खेळायचंय त्याने विकतची घ्यावी.

दुसरं, बेचकं निवडताना दोन फांद्यांच्या मधल्या खोबणीत नीट बघा. दोन्ही हात एकमेकांना चिकटून वाढलेले असतील, अगदी चिंचोळ्या फटीसारखे, तर त्या फटीत साल आत दाबली गेलेली असते, तिथे लाकूड लाकडाला जोडलेलंच नसतं. असं बेचकं मी हातातही घेत नाही. खोबण गोलसर हवी, इंग्रजी यू सारखी.

लाकूड कोणतं, तर पेरू, चिंच, बोर. सटाणा-मालेगावकडे असाल तर डाळिंबही छान, काटे तेवढे सांभाळा. शेवगा, गुलमोहर, पांगारा नको, पटकन मोडतात. द्राक्षाची खरड छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात आणि पोरं तेच उचलून आणतात, पण ती काडी मधून भुसभुशीत असते, काही उपयोग नाही. कण्हेर अजिबात नाही, ती विषारी आहे. आणि जिवंत झाड तोडू नका रे, शहरात त्यासाठी १९७५ पासूनचा कायदा आहे, आणि गरजही नाही, पेरूच्या बागेत छाटणी झाली की शेतकऱ्याला विचारा, तो हवं तेवढं नेऊ देतो.

जाडी अंगठ्याएवढी तरी ठेवा. कोरीवकाम करायची हौस असेल तर दांड्यावर करा, बेचक्यातून लाकूड काढू नका, सगळा ताण तिथेच येतो.

आता रबर. हा माझा दुसरा दुखरा विषय. माझ्या भाच्याने सिन्नरहून येताना स्वतः बनवलेली गलोल आणली, "मामा बघ ना," आणि मी बघितलं तर पंक्चरवाल्याकडची सायकलची जुनी ट्यूब, कात्रीने कापलेली, आणि गलोलीच्या हाताला बांधायला बाइंडिंगची तार. पट्टीची कड मी खिडकीसमोर धरून हळूच ताणली, कात्री जिथे थांबून परत चालली होती तिथे बारीक खाच होती, ताणली की ती खाच डोळ्यासारखी उघडायची, सोडली की मिटायची. मी ती त्याला दाखवली. तो म्हणाला एवढीशीच तर आहे. मी चहा ठेवायला आत गेलो आणि बाहेरून फाट असा आवाज आला. तार रबरात घुसली होती, पट्टी खाचेवरून नाही, तारेजवळूनच सुटली आणि डोळ्याखाली एक बोट अंतरावर असा वळ उठला की दोन आठवडे निळा होता. गलोल तेव्हाच हातातून काढून घ्यायला हवी होती, ते मला अजून टोचतं.

पट्टी वरून म्हणजे लाकडाजवळून तुटली तर मोकळं टोक थेट तोंडावर येतं, कातड्याजवळ, म्हणजे ज्यात दगड धरतो त्या चामड्याजवळ, तुटली तर उलट पुढे जातं, फार तर मुठीवर बसतं. म्हणून मी पट्टी तिरकी कापतो, लाकडाकडे अडीच सेंटीमीटर, कातड्याकडे पावणेदोन, म्हणजे तुटायचीच झाली तर पुढेच तुटेल. कापताना काचेवर ठेवून स्टीलची पट्टी दाबून नवीन ब्लेडने एकाच ओढीत कापायची. बांधायला त्याच रबराची पातळ चिंधी, तार नाही, नायलॉनचा दोराही नाही. काळी ट्यूब मंद असते आणि फार ताणत नाही, नवशिक्याला चालते. रक्त काढताना दंडाला बांधतात तसली रबरी नळी सर्जिकलच्या दुकानात मिळते, ती जास्त जिवंत असते. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत गलोल ठेवू नका, रबर चिरतं. दरवेळी खेळायच्या आधी पट्ट्या उजेडात ताणून कडा बघायच्या, वर जिथे बांधलंय तिथे आधी. आणि डोळे झाकणारा चष्मा. माझ्याकडे येणाऱ्या पोराला चष्म्याशिवाय मी गलोल हातात देत नाही, मग रडू दे.

कातड्यासाठी रेक्झिन वापरू नका, भोकं फाटतात. मोच्याकडून खऱ्या चामड्याचा बोटभर लांब तुकडा आणा आणि भोकंही त्याच्याकडूनच पंचने पाडून घ्या, ब्लेडने चीर मारली की ती पुढे पळते.

दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या हव्यात, एक सेंटीमीटरचा फरक असला तरी दगड हातावर येतो. नेम चुकतोय म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घोळ इथेच असतो.

दगड वेडेवाकडे घेऊ नका. मी पोयट्याच्या मातीच्या बोराएवढ्या गोळ्या वळतो आणि सावलीत वाळवतो, कडक ठिकाणी आपटल्या की फुटतात, उलट फिरून येत नाहीत. काचेची गोटी भिंतीवर मारली तर ती परत येते किंवा तिचे तुकडे येतात.

पाखरांवर मारायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगतो. १९७२ चा वन्यजीव कायदा तर आहेच, पण आपल्या जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ठरलं, तिथे लोक लांबून पक्षी बघायला येतात आणि आपण इकडे साळुंकी पाडायची? नेम धरायला रिकामा डबा घ्या, त्याच्या मागे जुनं गोणपाट दोरीवर टांगा, दुहेरी करून, खालून मोकळं. ताणून बांधलंत तर गोळी उसळून मागे येते, सैल असलं की तिथेच खाली पडते आणि परत वापरता येते.