वाखाला कॉस्टिक सोडा लावण्याआधी

पाऊस उघडला की ताग-अंबाडी सडवून वाख, म्हणजे सालीचा धागा, काढण्याची लगबग सुरू होते. केळीचे घड उतरलेली खोडंही धाग्यासाठी फाडली जातात. हा माल कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइड, एक दाहक क्षार) पाण्यात बुडवून विकावा का, हे आधी घेणाऱ्याला विचारा. दोर, सुतळी वळायची असेल तर स्वच्छ धुतलेला, नीट वाळवलेला वाख पुरतो. रंगाईला किंवा राळेत (रेझिनमध्ये) घालून पत्रे-फळ्या करायला माल जाणार असेल, तरच हा खटाटोप करा.

कारण असं की वाखातल्या सेल्युलोजच्या तंतूंना हेमिसेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन आणि मेण चिकटून असतं. कॉस्टिक सोडा यातला बराच भाग विरघळवतो. धागा सुटा आणि खरखरीत होतो, राळ त्याला घट्ट धरते, रंगही चांगला चढतो. पण जे विरघळलं ते वजनातून गेलं, म्हणजे किलोवर विकणाऱ्याचा माल तेवढा घटला. भावात ते भरून निघतं का, बघा.

प्रमाण चुकलं तर सोडा सेल्युलोजलाही सोडत नाही आणि चिवट वाख तटातट तुटू लागतो. साधारण ५ टक्के द्रावण, म्हणजे १०० लिटरला ५ किलो, बरेच जण वापरतात. तरी सगळा माल एकदम बुडवू नका. एकाच वाखाच्या तीन लडी १, ३ आणि ५ टक्क्यांच्या द्रावणात सारखाच वेळ ठेवा, धुऊन वाळवा आणि ओढून पाहा. द्रावण गरम असेल तर वेळ कमी ठेवा.

सोडा पाण्यात थोडा थोडा टाका. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका, ते उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि डोळे झाकणारा संरक्षक चष्मा हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं नको. सोडा ते खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. प्लास्टिकचं पिंप बरं.

नंतर वाख भरपूर पाण्यात खळबळा. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, पुन्हा साध्या पाण्यातून काढा आणि लिटमस कागदाने तपासा. लाल लिटमस निळा झाला तर सोडा अजून आत आहे. तसाच वाळवलेला वाख पडून पडून कमजोर होतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवा.

उरलेलं तपकिरी पाणी शेतात किंवा ओढ्यात सोडू नका. त्यातल्या सोडियममुळे जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते, आणि नुसतं आम्ल घालून सोडियम जात नाही. म्हणून तेच द्रावण सोडा वाढवून पुढच्या खेपेला वापरा, म्हणजे टाकायचं पाणी मुळातच कमी होतं.