जुन्या डब्ल्यू१२४ मर्सिडीजची रोड टेस्ट: निघण्याआधीची तयारी

डब्ल्यू१२४ म्हणजे मर्सिडीजच्या जुन्या ई-क्लासचा कारखान्यातला सांकेतिक क्रमांक. अशी प्रतिस्पर्धी कंपनीची जुनी गाडी आपल्या गाडीशी ताडून पारखायला आणली की सगळे आधी चावी मागतात. चावी राहू द्या, टायर बघा. बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१४ दिसलं तर टायर २०१४चा, नक्षी कितीही शाबूत असो. त्यावर ऐकू येणारी घरघर मर्सिडीजची नव्हे, कडक झालेल्या रबराची. १९५/६५ आर१५चा नवा सेट घाला, हवा टायर गार असताना भरा. मागच्या पाच-लिंक सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबर), शॉकअप, इंजिन माउंटिंग यांचंही तेच. ते थकलेले असतील तर आपण इंजिनिअरिंगला नाही, वयाला मार्क देतो.

गाडी १९९५ नंतर पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळलेली ई२२० असेल तर बॉनेट उघडून इंजिनची वायरिंग नीट पाहा. त्या सुमाराच्या हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, इन्सुलेशन उष्णतेनं ठिसूळ होतं. वायर हलकेच वाकवा. वरचं आवरण तडकून गळायला लागलं तर आयडलिंगबद्दल (उभ्या गाडीत इंजिन कसं चालतं त्याबद्दल) एक अक्षरही लिहू नका, आधी हार्नेस बदला.

पंधरा वर्षं उलटल्यामुळे आरसीचं नूतनीकरण झालंय का ते पाहा, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवा. (कायद्याच्या लेखी ही व्हिंटेज नाही, त्याला पन्नास वर्षं लागतात.) मालकाची परवानगी लेखी घ्या.

रस्ता जुना मुंबई-पुणे हायवे, खंडाळ्याच्या घाटासकट, ट्रकची गर्दी होण्याआधी. तुलनेसाठी आपली गाडी मागोमाग हवीच, आणि तिच्याही टायरची हवा त्याच सकाळी तपासलेली. ८० च्या वेगाला काचा बंद, एसी बंद, आतला आवाज मोजायला माइक चालकाच्या कानाशी. मग तेच एसी लावून. चालक अदलाबदल करून पुन्हा.

बॉनेटवरचा तारा दिसला की माणसं आपोआप एक मार्क वाढवतात, म्हणून दहापैकी गुण प्रत्येकानं गाडीतच, गप्प बसून, आपापल्या कागदावर लिहावेत. चर्चा चहाला.

नवख्या चालकाला दोन गोष्टी आधीच सांगा. स्टिअरिंग आजच्या गाड्यांसारखं रॅक-पिनिअन नाही, जुन्या पद्धतीचं रिसर्क्युलेटिंग बॉल आहे. मधोमध थोडं सैल लागणारच. आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक हलक्या पायाला दुसऱ्या गिअरमध्ये उठतो. पहिला हवा असेल तर ॲक्सिलरेटर जोरात दाबायचा, ‘पिकअप नाही’ असा शेरा मारण्याआधी.