उंच केलेल्या थारला टायर कोणता घालावा

थार दोन इंच उचलून घेतली, म्हणजे सस्पेन्शनला लिफ्ट बसवली, की टायरवाला लगेच तेहतीस इंची टायर समोर उभा करतो. फोटोत तो झकास दिसतो, यात वाद नाही. पण गाडी रोज वापरायची असेल तर टायर लिफ्ट बघून निवडू नका, रस्ता बघून निवडा.

मी शहाद्यात गुरांची डॉक्टर. गाडी महिंद्राची जुनी थार, २.५ लिटर सीआरडीई डिझेल इंजिनाची. रोजचा फेरा म्हसावद, राणीपूर आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे. औषधं आणायला सारंगखेडा-दोंडाईचामार्गे धुळं. म्हणजे डांबर सर्वात जास्त, त्याखालोखाल मुरूम आणि धारदार दगड, चिखल फक्त पावसाळ्यात. तुमच्या गाडीचा असा हिशेब आधी मांडा. वर्षातून एकदा तोरणमाळला जाणाऱ्याने त्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस खडखडत काढू नयेत.

आता आकडे. या थारला कंपनीचा टायर २३५/७० आर १६. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के, म्हणजे १६४.५. ती वर-खाली मिळून दुप्पट धरा, त्यात १६ इंची डिस्कचे, म्हणजे चाकाच्या रिमचे, ४०६ मिळवा. टायर उभा साधारण ७३५ मिलिमीटर भरतो. याच रीतीने २४५/७५ आर १६ येतो ७७४ आणि २६५/७५ आर १६ येतो ८०४. पहिला पाच टक्के मोठा, दुसरा नऊ टक्क्यांच्या वर. मी पहिला घेतला आणि रोजच्या गाडीला त्यापुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मोठा टायर घ्यायचाच कशाला? लिफ्टने बॉडी वर जाते, मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल, म्हणजे मधला गिअरचा गोळा, मात्र होता तिथेच लोंबत राहतो. चाकोरीच्या मधला दगड लागतो तो त्यालाच. त्याला उचलतो फक्त टायर, तोही वाढीच्या निम्म्याने: ३९ मिलिमीटर मोठा टायर घातला तर जमिनीपासून जेमतेम १९-२० मिलिमीटर. एवढ्यानेही फरक पडतो, पण एवढाच पडतो.

जागा मोजताना सगळे फसतात ते इथे. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत टायरच्या वर भरपूर पोकळी दिसते. पण सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक लिफ्टच्या आधी जिथपर्यंत जात होतं तिथपर्यंतच जातं, बंप स्टॉप (चाकाला त्यापुढे वर जाऊ न देणारे रबरी ठोकळे) खाली घेतले नसतील तर. म्हणून चाचणी शेतात करा. हव्या त्या साईजची दोन चाकं एखाद्या मित्राकडून तासाभरासाठी आणा, पुढे लावा, आणि एक पुढचं चाक बांधावर चढवा. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कुणालातरी वाकून बघायला सांगा: बंपरचा कोपरा, आतली प्लास्टिकची लायनर, चेसिस. मग दुसरं चाक चढवा. रिव्हर्समध्येही बघा, पुढे जाताना न घासणारा टायर मागे येताना घासू शकतो. बाहेर निघणाऱ्या जास्त रुंद डिस्क लावल्या तर चेसिसला घासणं थांबतं आणि बंपरला सुरू होतं, शिवाय बेअरिंगवर ताण. डिस्क कंपनीच्याच राहू द्या. पुढची उंची टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचं काम करणारी दांडी) पिळून वाढवली असेल तर आणखी पिळू नका. पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटतात.

पाच टक्क्यांची किंमतही मोजावी लागते. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ला असते. मीटरवर दहा हजार झाले तेव्हा खरे साडेदहा झालेले असतात, म्हणून ऑइल लवकर बदला आणि अ‍ॅव्हरेज काढताना किलोमीटरला १.०५ ने गुणा, नाहीतर डिझेल चोरीला गेल्यासारखं वाटेल. घाटात एक गिअर खाली यावं लागतं. ब्रेकचं आमच्या मेकॅनिकने एका वाक्यात सांगितलं: ‘ताई, टायर मोठा व्हयना, ब्रेक तोच शे!’ म्हणजे टायर मोठा झाला, ब्रेक तोच आहे. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा.

नक्षी ए.टी. घ्या, म्हणजे ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीची. एम.टी., म्हणजे चिखलासाठीचा मड-टेरेन, डांबरावर गुणगुणतो, ओल्या रस्त्यावर धरत नाही आणि लवकर झिजतो. काळ्या मातीसाठी म्हणून एम.टी. घेणाऱ्यांना सांगते, पावसानंतरची कपाशीची काळी माती नक्षीत बसली की टायर गुळगुळीत गोळा होतो, एम.टी. ती थोडी लवकर झटकतो, एवढंच. त्या वावरात गाडी न घालणं हाच उपाय. सातपुड्याच्या दगडांसाठी नक्षीपेक्षा बाजूची भिंत जाड असणं महत्त्वाचं.

विकत घेताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात दुकानाबाहेर रचलेला दोन वर्षं जुना टायर स्वस्तात मिळाला तरी नको. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसावा.

टायर पाचच घ्या, स्टेपनीसकट. जुनी छोटी स्टेपनी एका चाकाला लावून फोर व्हीलमध्ये गाडी टाकली की पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. नवी स्टेपनी जड असते, मागच्या दाराच्या बिजागऱ्या तपासून घ्या.

हवा किती हे जुन्या स्टिकरवरून ठरत नाही. टायरवर खडूची आडवी रेघ मारा, सरळ सपाट रस्त्यावर थोडं चालवा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडेचाच गेला तर कमी. हे सकाळी, टायर थंड असताना करा. मे महिन्यातल्या दुपारी वाढलेला दाब बघून हवा सोडू नका.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. लिफ्ट आणि टायर दोन्ही बदलण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर गाडीच्या कागदांत ठेवा.