बांगडा जाळ्यातून निघाल्यापासून बर्फात कसा ठेवावा

बांगडा, तारली, कुपा या माशांच्या बाबतीत बर्फाची हयगय करू नका. मासळी उबेत राहिली की जिवाणू तिच्या मांसात हिस्टामीन नावाचं अपायकारक द्रव्य तयार करतात. ते एकदा झालं की शिजवून, तळून, गोठवून जात नाही. म्हणून वास येत नसला तरी अशी मासळी खाऊन तोंड लाल होणं, डोकं दुखणं, जुलाब होणं असे त्रास होऊ शकतात.

मासळी नावेवर येताच स्वच्छ समुद्राच्या पाण्यानं धुवा. बंदरातलं पाणी मात्र वापरू नका, ते घाण असतं. उष्णतारोधक पेटीत तळाला चार बोटं बारीक बर्फ, त्यावर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, असं भरत जा. किलोला किलो बर्फ हवाच. मोठे तुकडे टोचून कातडी फाटते आणि मधे पोकळी राहते. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच घ्या. तळाचं भोक उघडं ठेवा, नाहीतर मासे रक्ताळ पाण्यात भिजतात.

बंदरावर उतरवताना काट्याजवळच्या जाड मांसात थर्मामीटर खुपसा: ४ अंशांच्या वर असेल तर आधी बर्फ घाला, मगच गाडी भरा.